अनुदानापुरते वाचक

माझं माहेर लोह्याकडचं. बाप सडकेच्या कामावर बिगारी, म्हणजे सडक जिथं चालली तिथं आमचं बिऱ्हाड चाललं आन शाळा मागं राहिली. तरी मी सातवी झाले, ते कसं झालं ते माझं मलाच कोडं हाय. बापाला वाचता येत न्हवतं पर बातमीचा लई नाद. किराणा बांधून आलेला कागद सपाट करून माझ्यापुढं ठिवायचा, वाच म्हणायचा. मी वाचायची, आन कागद नेमका मोक्याला फाटलेला असायचा. पुलाखाली पेटी सापडली, लोकांनी पेटी उघडली तर आत, की संपलं. बाप दुसऱ्या दिवशी दुकानात गेला, म्हणला शेटजी, कालच्या कागदाचं उरलेलं द्या. शेटजी म्हणला अजून पावशेर साखर घे, निघाली पेटी तर निघाली. काय सांगू तुम्हाला, साठी उलटली माझी, त्या पेटीत काय होतं ते मला आजबी म्हाईत न्हाई. पर हा रोग तवापासूनचा. पुढं काय झालं, ह्याचा.

लगीन होऊन मी इकडं अहमदपूर तालुक्यात आले, तवा आमचा जिल्हा उस्मानाबाद. मग लातूर नवा जिल्हा झाला. लई गाजावाजा झाला म्हणे, हार, भाषणं, फटाके. आमच्या गावात काय झालं तर यष्टीच्या थांब्यावरल्या पाटीवर जुनं नाव खोडून नवं घातलं, आन रंग उरला म्हणून बाकड्यालाबी एक हात मारला. सकाळी येऊन बसलेल्या दोघा म्हाताऱ्यांच्या धोतराला नवा जिल्हा लागला. तेवढाच. त्याच्या मागंच दुष्काळ आला. जिल्हा नवा होता, दुष्काळ मात्र जुनाच.

तर वाचनालयाचं. आमचे भाऊजी, म्हणजे धाकटे दीर, शिकलेले. त्यांनी जयंतीच्या दिवशी विहाराच्या बाजूच्या खोलीत वाचनालय सुरू केलं. पुस्तकं मागून आणली. लोक पुस्तकं देतात ती कशी देतात, तर घरात नको असलेली. कायद्याचा एक जाडजूड ग्रंथ, जुने दिवाळी अंक, पत्रिका जुळवायची दोन पुस्तकं, ती बौद्धवाड्यात कशाला दिली ते देणाऱ्यालाच ठाऊक, आन एक कादंबरी, तिचाबी नुसता पहिला भाग. वर्षाच्या आत भाऊजींना नांदेडला नोकरी लागली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली, आन सरकारी अनुदानाच्या नियमांची पुस्तिका. म्हणले वहिनी, अर्ज मी करून ठिवलाय, ह्यात लिहिल्यापरमाणं सगळं चालू ठिवा, अनुदान मिळालं की पुस्तकं येतील, तुम्हालाबी मानधन मिळंल.

न्हाई मिळालं तर काय, ते त्यांनी सांगितलं न्हाई, पर ते मला दिसत होतं. आमचे हे आन सगळी वस्ती हमीच्या कामावर खडी फोडायला जायची. सासू म्हणली, सहा महिने बघू, न्हाईतर तूबी हातोडी घे, आन खोलीत शेळ्या बांधू. शेळ्या अनुदानाबिगर दूध देत्यात.

ती पुस्तिका मी गोष्टीसारखी वाचली. सगळी वाक्यं एकाच जागी संपायची, आवश्यक आहे. फलक आवश्यक आहे. वाचकांच्या सह्या आवश्यक आहेत. पिण्याच्या पाण्याची सोय आवश्यक आहे. हे वाचलं तवा गावच्या विहिरीत दगड टाकला तर दगडाचाच आवाज यायचा. तरी मी कोपऱ्यात माठ मांडला. आन एक कलम होतं, मुक्तद्वार वाचन विभाग. म्हणजे दार सगळ्यांना उघडं. वाचनालय एका गटापुरतं नसावं, सगळ्या गावाचं असावं, आन तसं खरंच लोक येतात का ते तपासणीत बघितलं जाईल. मी हे मोठ्यानं ह्यांना वाचून दाखवलं. हे म्हणले, दार आपलं उघडंच हाय की, आपण कुठं लावलंय?

तेच तर. आमचं दार उघडं, आन गावातलं कोणी वस्तीत येईना.

मग टँकर सुरू झाला. टँकर वळायला मोकळी जागा सगळ्या गावात एकच, आमच्या वस्तीपुढली. आता आमच्याकडं एक रीत हाय, हंडा नंबरात ठिवला की तो हंडाच माणूस. माणसाला धक्का मारला तर एकवेळ चालतंय, हंडा सरकवला तर तीन पिढ्या निघतात. तर गावातल्या बायका येऊन आमच्या मैदानात हंडे लावायच्या आन सोता लांब लिंबाखाली जाऊन बसायच्या. हंडे वस्तीत, माणसं वस्तीबाहेर.

त्यातली एक गंगाक्का. गावातल्या मोठ्या शेतीवाल्याची आई, तोंडानं तिखट, गुडघ्यानं अधू. तिला लिंबापर्यंत जाणं-येणं होईना, म्हणून ती एक हंडा नंबरात लावून दुसरा वाचनालयाच्या दाराबाहेर पालथा घालून त्याच्यावर बसायची. आत न्हाई हां, उंबऱ्याच्या बाहेर. मला मोठ्यानं वाचायची सवय, बापामुळं. मी ती कादंबरी घेऊन बसलेली. आक्का म्हणली, कमळे, काय पुटपुटायलीस? म्हणलं आक्का, गोष्ट हाय. म्हणली, मग एकटीच काय खायलीस, जरा मोठ्यानं वाच.

गोष्ट अशी, चंद्रा नावाची पोरगी, तिला नवऱ्याची तार येती, ये म्हणून. ती परगावी जायला निघती. मी वाचायची आन टँकरचा भोंगा वाजायचा. नेमका मोक्याला. सगळ्या हंड्याकडं पळायच्या, आन आक्का ओरडायची, आगं त्या मोटारीत बसली का न्हाई ती? दुसऱ्या दिवशी टँकरच्या आधी घंटाभर आक्का हजर. मग लिंबाखालची एकेक सरकत आली. पंधरवड्यात लिंब मोकळा, दार भरलेलं. सगळ्या बाहेरच, पालथ्या हंड्यांवर. वही मी खिडकीतून बाहेर द्यायची, कुणी सही करायची, कुणी अंगठा.

पहिला भाग संपला. चंद्रा तारेतल्या पत्त्यावर जाती, दार वाजवती, तर दुसरीच बाई दार उघडती आन म्हणती, ये, तुझीच वाट बघत होते. संपलं. काय गोंधळ झाला सांगू तुम्हाला. आक्का म्हणली कोण हाय ती सटवी? म्हणलं आक्का, ते दुसऱ्या भागात. मग वाच की दुसरा भाग. म्हणलं तो न्हाई आपल्याकडं, अनुदान आलं तर घेता येईल. आक्का म्हणली, सरकारला एवढं कळंना का, की माणूस दारात उभा हाय?

सरपंचाला मात्र दुसरंच कळलं. बायका वस्तीत जाऊन बसायल्यात, हे काय चाललंय. लगेच मारुतीपुढल्या चिंचेच्या फांद्या तोडल्या, टँकरला वळायला जागा झाली, टँकर तिकडं. त्या कामाला मंजुरी एका दिवसात. आमच्या अर्जाची तवर पोचबी आली न्हवती, कारण जुना जिल्हा म्हणायचा फाईल नव्याला दिली आन नवा म्हणायचा अजून कपाटं यायची हायेत. पर बघा नशीब, टँकर हलला आन त्याच आठवड्यात टपाल आलं. शुक्रवारी तपासणी.

शुक्रवारी वस्तीनं खडीवरचा खाडा केला. सगळे धुतलेले कपडे घालून आत बसले. आमचे हे कायद्याचा ग्रंथ घेऊन बसले आन पान उलटायचं विसरले. साहेब जीपनं आले. माणूस वाईट न्हवता, खरं बोलायला पायजे. फलक बघितला. सह्या बघितल्या. माठाचं झाकण उचलून बघितलं, पाण्याची सोय आहे असं लिहिलं, आन आपल्या थर्मासातलं पाणी प्याले. नियमात सोय बघायची होती, पिऊन बघा असं लिहिलेलं न्हवतं.

मग म्हणले, बाई, हे बसलेले सगळे ह्याच वस्तीतले ना? म्हणलं हो. वहीत गावातल्या सह्या आहेत त्या? म्हणलं टँकर इथं येत होता तवा यायच्या. आता टँकर कुठं येतो? मारुतीपुढं. साहेब म्हणले, मग बाई, हे टँकरचे वाचक झाले, वाचनालयाचे नाहीत. आन पेनाचं टोपण काढलं. मला तर सासूच्या शेळ्या डोळ्यापुढं दिसायल्या.

तेवढ्यात काठीचा आवाज. आक्का. मागं चार-पाच जणी. मारुतीपास्नं उन्हात चालत आलेल्या, हंडा कुणाकडंच न्हाई. म्हणलं आक्का, हंडा? म्हणली, नंबरात ठिवलाय की तिकडं. हंड्याला काय कळतंय गोष्टीतलं? दुसरा भाग देणारे साहेब आलेत म्हणं, कुठायत? आन उंबऱ्याबाहेर नेहमीच्या जागी टेकली, हंड्याबिगर, भुईवर.

साहेबांनी इचारलं, आजी, तुम्ही वाचक का? आक्का म्हणली मला वाचता येत न्हाई. साहेबांचं पेन थांबलं. मग वाचक कशा तुम्ही? आक्का म्हणली, जेवणाऱ्याला सैपाक यावाच लागतो का साहेब? साहेब हसले. पर म्हणले, आजी, खोलीत बसलेलेच मोजायचे असा नियम आहे. उंबऱ्याबाहेरचे मला धरता येत नाहीत.

आक्काला आत ये म्हणायची माझी टाप न्हवती आन येऊ नको म्हणायची इच्छा न्हवती. आक्का माझ्याकडं बघून म्हणली, ह्यांनी न्हाई लिहिलं तर दुसरा भाग न्हाई ना येणार? म्हणलं न्हाई येणार आक्का. तिनं मागच्या बायकांकडं बघितलं, गावाकडं बघितलं, उंबऱ्याकडं तर किती येळ बघितलं. मग काठी आत टाकली, चौकटीला धरून उठली आन आत आली. आमच्या ह्यांना म्हणली, ए, सरक तिकडं, भिताडाला टेकू दे, गुडघे ठणकायलेत. हे ग्रंथासकट सरकले. मागच्या एकेक आत आल्या, पदर आवरून, अंग चोरून, पर आल्या.

साहेबांनी मोजल्या. मग म्हणले, वाचून दाखवा काहीतरी. मी पहिल्या भागाचं शेवटचं पान वाचलं. ये, तुझीच वाट बघत होते. पुस्तक मिटलं. साहेब पेन हातात धरून म्हणले, मग? कोण होती ती? म्हणलं साहेब, ते आता तुम्हीच लिहायचं हाय.

जाताना मी सगळ्यांना माठातलं पाणी इचारलं. आक्का म्हणली तहान न्हाई. एवढ्या उन्हातनं आलेली, ओठ सुकलेले, आन तहान न्हाई.

अनुदान आलं. लई उशिरा आलं, पर आलं, आन भाऊजींनी नांदेडहून दुसरा भाग आणला. तवर पाऊसपाणी झालं होतं, टँकर बंद. बाकीच्या कधी यायच्या, कधी न्हाई. आक्का मात्र आली, सरळ आत, भिताडाला टेकून. पोरगा घरी बोलायचा तिला, ती म्हणायची तू वाचून दाखव मग. ती बाई कोण निघाली ते आक्काला कळलं. तुम्हाला पायजे असंल तर कपाटात हाय, आजबी.

आक्का पुढं कैक वर्सं येत राहिली. दर खेपेला मी तांब्या पुढं करायची, दर खेपेला ती म्हणायची तहान न्हाई. शेवटपर्यंत तिनं घेतलं न्हाई आन शेवटपर्यंत मी इचारायचं सोडलं न्हाई. तिचं तिच्यापाशी, माझं माझ्यापाशी. उंबरा तेवढा ओलांडला तिनं, एका गोष्टीपायी, ते काय कमी हाय का, आन पुरेसं हाय का, ते मला अजून ठरवता येईना.

आता नळ आलाय, पंधरा दिवसाला एकदा. साहेब बदलले, नियम वाढले, अनुदान अजूनबी उशिराच येतंय. माठ मी रोज भरते. तुम्ही लांबनं आलात, एवढं ऐकलंत, देव म्हणा धम्म म्हणा, तुमचं भलं करो. घ्या, आधी पाणी घ्या.