स्तानाची बरणी

चर्चमधलं गायन मनात घोळवत देसांका उझित्सेच्या बसथांब्यावर उभी होती. मागे दोन म्हातारे बोलत होते.

"रादोये, रविवारी टेबलावर आपली खेळण्यातल्या शिपायांची लढाई. तुझं पुठ्ठ्याचं गाव झालं का?"

"घरं झाली. माती राहिलीय."

"वाळवलेला कॉफीचा गाळच ना? भुरभुरून टाक की."

"एकच बरणी उरलीय, वुकाशिन. माझ्या स्तानाने देवाघरी जायच्या आधी साठवलेली."

"मी आणतो माझ्या घरचा. दिवसाला सहा कप ढोसतो."

"आण बाबा. शेतांना, रस्त्यांना होईल."

"आणि तिचा?"

"चर्चमागच्या स्मशानापुरता आहे. पण रोज झाकण उघडून वास घेतो नि परत लावतो."

"मग स्मशान वगळ. लढाईत तिकडे जातंय कोण?"

"मी जातो की. रोज."