आकडा चढतोय की उतरतोय

नाही, पण मला सांगा, एकदा दंडात सुई खुपसून रक्त काढलं ना? मग झालं ना? पुन्हा कशाला? माणसाचं रक्त म्हणजे काय नळाचं पाणी आहे, सकाळी एक बादली, दुपारी एक बादली?... थांबा, थांबा, आधी माफी मागून घेतो. हे मी लिहून आणलंय, आणि माझं ऱ्हस्व-दीर्घ म्हणजे हात जाईल तिथे खिळा ठोकायचा असलं काम आहे. शाळा लवकर सुटली, शब्दही साधेच येतात. तेव्हा कागद कुणाच्या हाती लागलाच तर वाचू नका, नुसतं ऐका. ऐकताना चुका दिसत नाहीत.

तर रक्त. पण त्याच्या आधी ताप, आणि तापाच्या आधी मी.

आम्ही सोफे दुरुस्त करतो. म्हणजे दुकान दादाचं, शिवण वहिनीची आणि उचलणं माझं. जुना सोफा गिऱ्हाइकाच्या घरून खाली आणायचा, फाडायचा, नवा फोम, नवं कापड, की परत वर नेऊन ठेवायचा. लोक म्हणतात, काय हे ढोरकाम! अहो, तुम्हाला खरं सांगतो, मला तेच आवडतं! सोफा डोक्यावर असला की तोंड झाकलेलं राहतं आणि कुणी बोलायला लावत नाही. मला बोलायचं म्हटलं की घाम फुटतो. दुकानात गिऱ्हाईक आलं की मी कापडाच्या ताग्यांमागे. फोन वाजला की मला हटकून लघवीला लागते. आणि कुणी काहीही विचारू दे, उपाशी आहेस का, बरं नाही का, पायावर सोफा पडला का, माझं उत्तर ठरलेलं: "तसं काही नाही."

मग ताप आला. साधा व्हायरल, अख्ख्या गल्लीला आला होता, मला काय वेगळा येणार? अंग ठणकलं, घसा धरला, गोळ्या खाल्ल्या, ताप उतरला. ताप उतरला म्हणजे आजार संपला, असं आपलं मला वाटलं. दादाला तर माझ्याही आधी वाटलं. म्हणाला, "झोपा काढून झाल्या असतील तर ती तिसऱ्या मजल्यावरची खुर्ची पोचवून ये."

खुर्ची हो! सोफासुद्धा नाही! एकट्या माणसाची आरामखुर्ची! आणि जिन्याच्या पहिल्याच वळणावर मला धाप लागली... म्हणजे कशी, तर छातीत कुणीतरी स्टेपल गन घेऊन बसलंय आणि मनाला येईल तशी मारतंय, टक, टक-टक, मग काहीच नाही, मग पुन्हा टक! मी खुर्ची जिन्यातच टेकवली आणि तिच्यातच बसलो. तेवढ्यात वरून खुर्चीचे मालक, ते आजोबा, उतरले. "अरे, ही माझीच ना? बस, बस. कशी झालीय?" मी घामाने निथळतोय आणि सांगतोय, "छान झालीय, पाठीला मऊ लागते." ते म्हणाले, "पण तुला बरं वाटत नाहीये का?" आणि मी?... काय म्हणणार मी? "तसं काही नाही!"

आजोबा शहाणे. त्यांनी दुकानात फोन केला आणि वहिनी मशीनवरची शिवण अर्धी टाकून धावत आली. माझ्याकडे एकदा बघितलं. "याचे ओठ बघा, अस्तराच्या कापडासारखे पांढरे पडलेत. चल." आणि हॉस्पिटल.

तिथे डॉक्टरबाई निघाल्या माझ्याच वयाच्या. झालं! म्हणाल्या, शर्ट काढा. आता त्याच दिवशी बनियनला भोक असायला हवं होतं का? होतं. छातीवर तारा चिकटवून कागद काढला, तो बघत विचारतात, "छातीत दुखतं?"

"तसं काही नाही."

"धाप लागते?"

"लागते, म्हणजे... सगळ्यांना लागते तेवढी."

"धडधड होते?"

मी भोकावर हात ठेवून, "तसं काही..."

मागून वहिनी कडाडली, "अहो डॉक्टर, याला काय विचारता! याच्या अंगावर कपाट पडलं ना, तर कपाटाला लागलं का म्हणून विचारेल हा!"

बाई हसल्या. म्हणाल्या, "मग याच्या रक्तालाच विचारू." आणि अगदी सावकाश समजावून सांगितलं हं, माझ्यासारख्याला कळेल असं. व्हायरल तापाचा त्रास कधी कधी हृदयाच्या स्नायूपर्यंत पोचतो. सगळ्यांच्या नाही, थोड्यांच्या. बाहेरून नेहमी कळतंच असं नाही. पण त्या स्नायूला इजा झाली की आतला एक पदार्थ रक्तात झिरपतो. त्याला म्हणायचं ट्रोपोनिन. तो मोजायचा. हृदयावर ताण आलाय का हे सांगणारा दुसरा एक असतो, तोही मोजायचा.

मी मनात म्हटलं, अरे, हे तर आमच्यासारखंच! सोफा आतून उसवला की फोमचा भुगा खाली फरशीवर पडतो. वरून कापड कसं चकाचक, पण भुगा दिसला की समजायचं. चांगलं वाक्य होतं हो. मोठ्याने बोलायला हवं होतं. नाही बोललो.

पहिला आकडा आला. "थोडा जास्त आहे," बाई म्हणाल्या. "पण एका आकड्यावरून ठरवायचं नाही. काही तासांनी परत रक्त घेऊ. चढतोय की उतरतोय ते महत्त्वाचं."

वहिनीने विचारलं, "आणि चढला तर?"

"तर हृदयाच्या स्नायूला सूज आलीय असं धरायचं. तीन ते सहा महिने ओझं उचलायचं नाही, धावायचं नाही, जिन्याने काही न्यायचं नाही."

"मग काउंटरवर बसेल," वहिनी म्हणाली. "गिऱ्हाइकांशी बोलेल. फोन घेईल."

तुम्हाला सांगतो, त्या क्षणी जी धडधड झाली ती छातीच्या तारांच्या मशीनवर दिसली! सिस्टर धावत आली! लोक मरणाला भितात हो, मी गिऱ्हाइकाला भितो. सहा महिने! रोज! "या, बसा, कोणता रंग दाखवू?"... देवा, आकडा उतरव रे, मी मनात म्हटलं, पाहिजे तर ताप परत दे!

खाट रिकामी नव्हती, म्हणून सिस्टरने तारा काढून मला खोलीतल्या सोफ्यावर बसवलं. "शांत बसायचं. अजिबात हालचाल नको." वहिनी केसपेपर करायला गेली. मी बसलो... आणि खाली गेलो. अहो, सोफ्याचा गादीखालचा पट्टा तुटलेला! स्प्रिंग माझ्या कुठे टोचत होती ते सभ्य माणसांत सांगत नाही. आता सोफेवाल्याने अशा सोफ्यावर शांत बसायचं? कसं? तुम्ही आचारी असलात आणि समोर दूध उतू जातंय, तर बसाल? खिशात पक्कड होतीच, ती असतेच. मी म्हटलं नुसतं वाकून बघू. वाकून दिसेना, म्हणून जरा तिरका केला. तिरका राहीना, म्हणून पुरता उलटा केला. आणि मग आत शिरलो.

सिस्टर आली. तिला सोफ्याखालून फक्त माझे दोन पाय दिसले.

"अगं बाई! पेशंट पडला!"

आतून मी म्हणालो, "तसं काही नाही."

दुसऱ्यांदा रक्त काढलं, तेव्हा सिस्टरने सुई जरा जोरातच मारली, आणि माझी तक्रार नाही. आकडा आला. डॉक्टरबाईंच्या चेहऱ्यावरूनच कळलं. चढला होता. चांगलाच चढला होता.

आणि मी बोललो! जन्मात पहिल्यांदा एका दमात एवढं बोललो! "नाही, नाही, बाई, तो सोफ्याने चढला! मी सोफा उलटा केला, पट्टा ओढला, त्याला जोर लागतो, कुणाचाही आकडा चढेल, तुम्ही उलटा करून बघा, तुमचाही चढेल!"

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. "दंडाच्या कष्टाने चढणारा आकडा वेगळा असतो. तोही बघितला मी, तो ठीक आहे. हा हृदयाचा आहे. याचं खापर सोफ्यावर फोडू नका."

वहिनी दादाला फोन लावायला लागली. तेवढ्यात दादा आला, केसांत फोमचे कण, गळ्यात मापाची टेप तशीच. म्हणाला, "काय बघतात रे तुझ्या रक्तात? भुसाच निघाला असेल." मग सोफ्यावर बसला, सवयीने हाताने दाबून बघितलं. "पट्टा कुणी लावला?"

"मी."

"चांगला लावलास." आणि खिडकीकडे तोंड फिरवलं. तिकडूनच म्हणाला, "ती खुर्ची मी न्यायला हवी होती."

तुम्हाला सांगतो, तेव्हा मी घाबरलो. गिऱ्हाईक-बिऱ्हाईक सगळं विसरलो. दादा असं बोलतोय म्हणजे काहीतरी खरंच आहे! मी डॉक्टरबाईंना म्हणालो, "बाई, दुखतंय. जिन्याच्या आधीपासून दुखतंय. रात्री उताणं झोपलं की जास्त." बाईंनी लगेच पेन उघडलं. म्हणाल्या, "हे एवढंच हवं होतं हो मला. त्यासाठी तुमचं किती रक्त काढलं!"

ऐकलंत? म्हणजे माझी दातखीळ बसली नसती तर... जाऊ दे.

भरती करून घेतलं, छातीवर तारा लावून ठेवलं, हृदयाची सोनोग्राफी केली. पंप चांगला चाललाय म्हणाले. औषधं दिली, आणखी रक्त काढलं, काढतच राहिले, मी दंड पुढे करूनच झोपायचो. आणि एके दिवशी बाई म्हणाल्या, "उतरतोय." वहिनी रडली, दादा तिला रागावला आणि मग स्वतः बाहेर जाऊन बराच वेळ आलाच नाही. घरी सोडलं. पण ओझ्याला हात लावायचा नाही, पुन्हा तपासेपर्यंत फक्त बसून काम.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी काउंटरवर बसलो. भांग पाडून. वहिनी मशीनवर, दादा ताग्यांमागे, माझ्या जुन्या जागी, आणि तिथून खुणा करतोय, बोल, बोल! पहिलं गिऱ्हाईक एक बाई. आल्या, खुर्चीत बसल्या आणि धापा टाकायला लागल्या. मला दुसरं काही सुचेना, म्हणून विचारलं, "बरं नाही का?" त्या म्हणाल्या, "ताप येऊन गेला हो मागे. आता बरी आहे, नुसती चार पायऱ्या चढले की छाती धडधडते. ते असू दे, गडद रंगाचं कापड दाखवा."

आणि मी सुटलो! ताप, जिना, बनियनचं भोक, फोमचा भुगा, एक आकडा पुरत नाही, चढतोय की उतरतोय ते बघायचं, सगळं, सगळं सांगितलं, एकदाही न अडखळता! बाई उठल्या, तागा तसाच उलगडलेला टाकला आणि थेट हॉस्पिटलात गेल्या.

दादा बाहेर आला. "कापड?"

"आधी रक्त तपासून येते म्हणाल्या."

तेवढ्यात दारात दुसरं गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं आणि शिंकलं. दादाने तिथूनच मला हात जोडले.