तारेची राखण

२००९ साली मंदीत अर्धवट राहिलेल्या शारजातल्या त्या टॉवरमधून कुणाला काही मिळालं असेल तर ते एकट्या गुणवंतला: डॉक्टरेट. व्हिसा रद्द करायच्या रांगेत तो हे जुन्या फोरमनला रंगवून सांगत होता आणि त्याच्या मागे उभी अनोळखी विभावरी, आपल्या नवऱ्याचे कागद छातीशी धरून, ऐकत होती.

“काँक्रीटमधली माझी काचेची तार अजून चालू आहे, मोहिद्दीनभाई. लेझरचा प्रकाश सोडायचा. परतताना त्याचा रंग सरकला की तिथलं तापमान कळतं.”

“बरं, मग?”

“बाराव्या मजल्याचा एक कोपरा रोज संध्याकाळी, मगरिबच्या नमाजानंतर तापायचा. आधी वाटलं, मशीन बिघडलं. मग कळलं, कुणीतरी चूल पेटवतंय.”

“वर जाऊन बघितलंत?”

“मी कशाला? बिल्डरला रिपोर्ट दिला. पोलिसांनी अकरा जण उचलले. माझा पेपर पास, खलास. मिठाई माझ्याकडून.”

“मजुरांचा कॅम्प बंद झाल्यावर त्या पोरांना मीच तिथं ठेवलेलं, साहेब.”

“तुम्ही? पण अख्खा टॉवर रिकामा असताना त्याच कोपऱ्यात कशाला?”

“तारेची पेटी तिथंच ना. चोर तांबं समजून उपटतात. काम थांबलं त्या दिवशी तुम्हीच पोरांना चहा पाजून म्हणालात, माझ्या तारेला कुणाला हात लावू देऊ नका. म्हणून तिथंच रांधायचे, तिथंच झोपायचे.”

रांग पुढे सरकली. गुणवंत हलला नाही, आणि विभावरीनेही त्याला पुढे व्हा म्हटलं नाही.

“आता कुठे आहेत ते?”

“अकरा जणांना काल मायदेशी परत धाडायला विमानात बसवलं. त्यांना ठेवलं म्हणून आता बारावा मी. तुमची तार शाबूत आहे, साहेब.”