तुळजाबाईचा खांदा

सभेचे अध्यक्ष मेहेरबान तहसीलदारसाहेब, व्यासपीठावरील सन्माननीय मंडळी, सत्कारमूर्ती दफेदार धुळाजीराव आणि वडवणीच्या माझ्या बंधुभगिनींनो,

गावचा पाटील म्हणून दोन शब्द बोलण्याचा मान मला मिळाला. खरं तर त्या मानाला मी लायक नाही. 'धुळाजीराव' म्हणताना जीभ अडखळते. परवापर्यंत मी त्यांना 'धुळ्या' म्हणत होतो.

धुळाजीरावांच्या रिसाल्याच्या जनरलसाहेबांनी आणि स्वारांनी समुद्रापलीकडं मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, लढाईत मर्दुमकी गाजवली, अशी शाबासकी सरकारनं दिली. तो खलिता तहसीलदारसाहेबांनी आत्ताच वाचला. टाळ्या किती वाजल्या! सर्वांत जोरात माझ्या.

पण मंडळी, वर्षापूर्वी हाच गडी परत आला, तेव्हा आपण काय केलं? समुद्र ओलांडला, बाटला, म्हणून पंगतीतून उठवला. उठवणारा मीच. प्रायश्चित्त घे म्हटलं, तर म्हणाला, "लढाईला गेलतो पाटील, चोरीला न्हाई."

पंधरा दिवसांत त्याची आई भिवराबाई वारली. हा दारोदार फिरला. माझ्या ओट्याखाली उभं राहून म्हणाला, "माय पडलीय. खांदा द्या." मी म्हणालो, "आधी प्रायश्चित्त, मग खांदा." लई शहाणपणानं म्हणालो. दुपारी तिरडी निघाली. पुढं धुळाजी, मागं त्याची बायको तुळजाबाई. बाईमाणसानं तिरडी उचललेली या गावानं पहिल्यांदा पाहिली, आणि दारं लावून घेतली. मी तर ओट्यावरून हललोही नाही.

आता मला सांगा, मधल्या काळात धर्म बदलला काय? प्रायश्चित्त झालं काय? काही नाही. फक्त सरकारी मोहरेचा कागद आला. मला माझीच शरम वाटते.

काल आमंत्रण द्यायला गेलो. तुळजाबाई दारातच म्हणाल्या, "धनी येतील, सरकारचा हुकूम हाय. मी न्हाई येणार. कावून म्हनून इचारू नका, पाटील. माजा खांदा आजून दुखतोय."

आपण शांतपणे ऐकलंत, अध्यक्षमहाराजांनी वेळ दिला, सर्वांचे आभार. आता फेटा बांधायला मला पुढं व्हायचं आहे. धुळाजीराव, तुम्ही माझा हात झिडकारलात तरी चालेल. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर सभेनं पोटात घालावं. त्या दिवसाची माफी मात्र सभेकडं मागून भागायची नाही. भिवराबाई राहिली नाही, आणि तुळजाबाईंकडं मागायला मला तोंड नाही.