चाळणी दुधावर होती

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, संस्थेतले सगळे शास्त्रज्ञ, कार्यालयातली मंडळी, मागे दाराशी उभे असलेले माझे माळी बंधू, आणि ज्यांना निरोप द्यायला आज हे सभागृह भरलं आहे त्या आमच्या बाई,

भांडारवाल्या काकांनी मला दोन मिनिटं दिली आहेत. एखादी गोड आठवण सांग आणि खाली उतर, असं बजावून ठेवलंय. मी भाषण करणारा माणूस नाही. शाळा मी नववीत सोडली. खरं तर शाळेनंही फारसं अडवलं नाही. मग बोटींना रंग दिले, मिठागरात पाणी सोडलं, एका सर्कशीचे तंबू ठोकले. त्या सर्कशीतल्या उंटाची एक गंमत आहे, पण ती नंतर. इथे आलो तो काचघराच्या फुटलेल्या काचा बसवायला, चार दिवसांसाठी. चार वर्षं झाली. एवढा सलग मी आईजवळही राहिलो नव्हतो.

राहिलो तो बाईंमुळे. काम संपवून पिशवी खांद्याला लावली, तर बाई बेसिनपाशी मक्याच्या एका रोपाचं मूळ धूत उभ्या. इतक्या हळू, की मला बघवेना. म्हटलं, नळ मोठा सोडा की. त्यांनी वर न बघता विचारलं, "तान्ह्या बाळाची टाळू तू नळाखाली धरशील का?"

मग त्यांनी मला रीत दाखवली. कुंडीतला गड्डा पाण्यात भिजत घालायचा, माती आपली आपण सुटू द्यायची. ते गढूळ पाणी बारीक चाळणीतून ओतायचं. चाळणीवर केसांसारखे जे धागे राहतील, ते चिमट्यानं उचलून मोठ्या मुळाशी ठेवायचे. एका रोपाला चाळीस मिनिटं. बाईंच्या बोटांचे सांधे तेव्हा सुजायला लागले होते, थंड पाण्यात ते आखडायचे. म्हणाल्या, "माझे हात होशील का?" मला काम पुष्कळांनी सांगितलं होतं. असं विचारलं कुणीच नव्हतं.

आता बाईंच्या घरच्यांसाठी थोडं सांगतो. शास्त्रज्ञांनी तेवढा वेळ कान बंद ठेवावेत. झाड स्वतःच्या अंगात काही बारीक द्रव्यं तयार करतं, त्यांना पॉलिअमाइन म्हणतात. त्यातल्या एकाला कुजक्या मांसाचा वास येतो. ते एकदा माझ्या शर्टावर सांडलं, तेव्हा भरल्या बसमध्ये मला अख्खा बाक मिळाला होता. असो. बाईंचं म्हणणं असं, की हे द्रव्य अगदी थेंबाथेंबानं मिळालं तर मूळ बाजूला बारीक फाटे फोडतं, आणि त्या फाट्यांनी मातीतला फॉस्फरस ओढून घेतं. जास्त झालं तर तेच मूळ आखडून बसतं. काचेच्या बशीत वाढवलेल्या रोपांवर त्यांनी हे स्वतः मोजलं होतं. मातीत काय होतं, एवढंच बघायचं राहिलं होतं. त्यासाठी तीन हंगाम. दर हंगामाला एकशेवीस कुंड्या. अर्ध्यांना द्रव्य, अर्ध्यांना नुसतं पाणी. बाकी सगळं सारखं. आणि मुळं धुणारा मी.

निकाल आपल्या सर्वांना ठाऊक आहे. द्रव्य मिळालेल्या रोपांच्या पानांत फॉस्फरस जास्त भरला. मुळं मात्र दोन्हीकडची सारखीच भरली. अध्यक्ष महोदय, समितीच्या बैठकीत आपणच विचारलंत, की मूळ वाढलं नाही तर फॉस्फरस पानात आला कसा, उडत? सगळे हसले. मी चहा देत होतो, मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. "मला माहीत नाही," म्हणाल्या. अठरा वर्षांच्या कामाखाली समितीनं एक ओळ लिहिली: मुळांवर परिणाम आढळत नाही. यात आपला काही दोष नाही. समोर आलेल्या आकड्यांवरून कुणीही तेच लिहिलं असतं.

त्यानंतर पंधरा दिवसांनी बेसिन तुंबलं. प्लंबर आला. मोठा गप्पिष्ट माणूस. त्याच्या मेव्हण्याला जुनी बोट घ्यायची होती, आणि बोटींचं मला थोडंफार कळतं म्हणून आम्ही दोघं रंगलो होतो. बोलता बोलता त्यानं खालचा वाकडा पाइप उघडला, आत बोट घातलं आणि ओढलं. मूठभर पांढुरका पुंजका बाहेर आला. "कुणाचे केस गळतात हो एवढे?" त्यानं विचारलं.

बाई दारातच होत्या. त्यांनी पांढरा ट्रे घेतला, त्यात पाणी ओतलं आणि पुंजका सोडला. तो हळूहळू उलगडत गेला. धागे, धाग्यांना फाटे, त्या फाट्यांनाही फाटे. बाई वाकून बघत राहिल्या. मग एवढंच विचारलं, "चाळणी कुठं असते?"

चाळणी दुधावर होती. काचघरामागची मांजर दुधात तोंड घालायची, म्हणून पहिल्याच हंगामात मी ती झाकण म्हणून नेली. तशीही धुताना ती मातीनं सारखी भरायची, आणि मला शनिवारी दुपारची बस धरून कुठंतरी जायचं असायचं. कुठं, तेही ठरलेलं नसायचं. नळीनं जोरात पाणी मारलं की एक मूळ पाच मिनिटांत लख्ख. बारीक मुळं दोन्हीकडची वाहून जायची, जाड तेवढी राहायची. ती दोन्हीकडे सारखीच असतात. बाई म्हणायच्या, तुझा हात बसला हं. तीन वर्षं त्या रोज त्याच दुधाचा चहा प्यायल्या.

मी म्हटलं, हा पुंजका समितीला दाखवू. त्यांनी विचारलं, "यातलं कुठलं मूळ कुठल्या कुंडीतलं, सांगशील?" मला सांगता येईना. त्यांनाही येईना. बाईंचं म्हणणं खरं असेल, कदाचित नसेलही. ते कळायची एक वाट होती, ती मी बेसिनमध्ये सोडून दिली. त्या म्हणाल्या, "कुणाला बोलू नकोस. तुला काढतील, आणि तू परत भटकत बसशील." आणि थोड्या वेळानं म्हणाल्या, "चहा टाक." मी दुधावरची चाळणी उचलली आणि चहा टाकला. तो आम्ही दोघांनी प्यायला.

बाई, मान हलवू नका. तुम्हाला दिलेला शब्द मोडतोय, हे मला कळतंय.

अध्यक्ष महोदय, पुढच्या महिन्यात काचघराचं गोदाम होणार आहे. प्रयोग परत होणार नाही, तेवढं मला समजतं. माझी एकच विनंती आहे. समितीच्या अहवालातल्या त्या ओळीखाली आणखी एक ओळ लिहा: धुताना चाळणी वापरली नव्हती, बारीक मुळं वाहून गेली. नाहीतर उद्या कुठलीतरी मुलगी हा अहवाल वाचेल आणि आपला प्रयोग सुरू करण्याआधीच सोडून देईल. माझं नाव घालायचं तर जरूर घाला. काचघराची किल्ली मी सकाळीच काकांकडे दिली आहे. चाळणी घासून बेसिनजवळच्या खिळ्याला लावली आहे.

उंटाची गंमत राहिलीच. दोन मिनिटांची बरीच मिनिटं झाली, काका मघापासून घड्याळ दाखवतायत. आपण सगळ्यांनी मला ऐकून घेतलंत, मनापासून आभार. बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल तर पदरात घ्या. पण जे बोलण्यात झालं नाही, बेसिनपाशी झालं, त्याला मला 'असेल तर' म्हणता येत नाही. त्याची माफी त्या दिवशी मागायची राहिली, कारण तुम्ही चहा टाकायला सांगितलात.

बाई, माझं चुकलं.