सरांच्या चौकटीतला आकडा

जय भीम. नमस्कार.

बाई, सरांच्या घरची बाकी मंडळी, कॉलेजातले सगळे साहेब लोक, आणि बिलोलीहून, धर्माबादेहून या शोकसभेला आलेले सरांचे विद्यार्थी. मी मारोती. झूलॉजीच्या लॅबमधला शिपाई. भाषणाची मला सवय न्हाई. माझं नाव यादीत बी नव्हतं, मी मागून घेतलं. बोलता बोलता थांबलो तर थांबू द्या. पाणी घेऊन कुणी धावू नका.

का उठलो ते आधी सांगतो. आत्ता आपल्या एका साहेबांनी म्हटलं, सोनकांबळे सर लई मोठा माणूस, पण शेवटी आजारपणात त्यांच्या आकड्यांत घोळ झाला, चालायचंच. प्रेमानंच म्हणले. तुम्ही सगळ्यांनी माना हलवल्या. बाईंनी बी खाली बघितलं. तो घोळ सरांचा न्हाई. तो माझा हाय.

ज्यांना म्हाईत न्हाई त्यांना सांगतो. सर दरसाल इथल्या पोरापोरींना घेऊन कोकणात जायचे, समुद्राकाठच्या एका केंद्रावर. दहा दिवस तिथंच राहायचं, तिथंच जेवायचं आणि समुद्र शिकायचा. सामान उचलायला मी. मोंढ्याच्या बाजारातले लोक हसायचे. म्हणायचे, सर, गोदावरीत खेकडे कमी पडले का? सर म्हणायचे, ज्याच्या दारात समुद्र हाय त्याला त्याची आई शिकवते. आपल्या लेकरांना कोण शिकवणार?

तारीख कॅलेंडरात अमावास्या-पौर्णिमा बघून धरायचे. मी एकदा चेष्टा केली. सर, तुम्ही बी अमावास्या पाळून राहिले का? म्हणले, मी न्हाई पाळत मारोतराव, समुद्र पाळतो. त्या टायमाला ओहोटी मोठी असते, खडक लांबपर्यंत उघडा पडतो. मग जेवणाची वेळ बी ओहोटीच ठरवायची. पोरं भुकेनं कावायची. पण दगड उलटून खालचा जीव बघितला की तो दगड होता तसा ठेवल्याशिवाय सर कुणाला ताटावर बसू देत नव्हते.

मारोतराव. ऐकलं ना तुम्ही? सगळं कॉलेज मला 'ए मारोती' म्हणतं. मी बी कधी मनावर घेतलं न्हाई. एकटे सर मला मारोतराव म्हणायचे, आणि अहो-जाहो करायचे.

त्या खडकावर सरांची एक जागा होती. लोखंडाची एक चौकट होती, खिडकीएवढी. ती दरसाल त्याच जागी ठेवायची आणि आत जिवंत प्रवाळ किती ते मोजायचं. प्रवाळ दगडासारखं दिसतं, पण जीव असतो त्यात. पाणी लई तापलं की त्याचा रंग उडतो, धुतलेल्या हाडकासारखं पांढरं पडतं आणि मरतं. पोरांचं काम दुसरीकडं चालायचं. ही चौकट फक्त सर आणि मी. सर वाकून मोजायचे, मी रजिस्टरात लिहायचो. पेनानं. खोडायचं न्हाई. दिसलं ते लिहायचं, वाटलं ते न्हाई. वीसेक वर्षं हेच केलं आम्ही. आकडा दरसाल कमी होत गेला. सरांनी एकदा बी वाढवून लिहिला न्हाई.

यंदा सर दवाखान्यात होते. पोरांसोबत नवीन मॅडम आल्या, आणि सर मला म्हणले, चौकट तुम्ही मोजा मारोतराव, तुमची नजर माझ्यापेक्षा चांगली हाय.

मी चौकट ठेवली. आत एक बी जिवंत नव्हतं. सगळ्यावर हिरवं शेवाळ चढलेलं. मी तीनदा मोजलं. न्हाई ते काय मोजता? पण मोजलं.

संध्याकाळी सरांचा फोन आला. आवाज एवढासा. मोजलं का? म्हटलं, हाव सर. किती? आणि माझ्या तोंडातून निघालं, मागच्या सालाएवढंच सर, जसंच्या तसं. सर हसले. बाई, तुम्हीच मला सांगितलं होतं, त्या दिवशी सरांनी लई दिवसांनी अर्धी भाकर खाल्ली. मला वाटलं, मारोती, आयुष्यात एक चांगलं काम केलं तू. मग सर रजिस्टर बघायला मागतील म्हणून तोच आकडा मी रजिस्टरात घातला. पेनानं.

पुढचं मला कुठं म्हाईत होतं? केंद्रवाल्यांनी कळवलं, तिकडचं प्रवाळ संपलं, आता शिकवायचं काय, शिबिर बंद. सरांनी पलंगावर बसून पत्र लिहिलं. संपलेलं न्हाई, माझ्या चौकटीत अजून जिवंत हाय, हे बघा. सगळ्या वर्षांच्या रजिस्टराच्या झेरॉक्स जोडल्या. पाकीट मीच टाकलं पोस्टात. आत काय हाय ते म्हाईत असून टाकलं.

केंद्रवाले जाऊन बघून आले. त्यांचं उत्तर आलं, चौकटीत काहीच जिवंत न्हाई, लई दिवसांचं मेलेलं हाय. सरांचा यंदाचा आकडा खोटा, म्हणून आधीचे बी धरता येत न्हाईत. वीसेक वर्षं वाकून मोजलेलं एका कागदात गेलं.

सरांनी ते पत्र दोनदा वाचलं. चष्मा काढला. मला विचारलं, मारोतराव, तुम्ही नीट बघितलं होतं ना?

म्हटलं, हाव सर.

म्हणले, मग त्यांनीच जागा चुकवली असेल.

एवढंच. पुन्हा कधी विचारलं न्हाई. शिकलेल्या लोकांचा कागद त्यांनी बाजूला ठेवला आणि माझा शब्द धरला. त्यानंतर सर तीन आठवडे होते. मी रोज गेलो. आज सांगायचंच म्हणून जायचो, पाय दाबायचो आणि परत यायचो. एक दिवस म्हटलं उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळीच बाईंचा फोन आला.

बाई, तुम्हाला हे चार लोकांत कळून राहिलं. आधी तुमच्या घरी येऊन सांगायला पाहिजे होतं. तेवढी छाती झाली न्हाई माझी. माफी मागत न्हाई. देऊ बी नका.

सर गेल्यावर मी त्या केंद्रावर जाऊन आलो. दोन एसट्या बदलून. तिथल्या साहेबांना सगळं सांगितलं. त्यांनी चहा पाजला, म्हणले, काका, तुमची सरांवरची श्रद्धा समजते, पण असं दुसऱ्याचं अंगावर घेऊ नये. खोटं बोललो तवा लगेच पटलं लोकांना. खरं बोललो तर श्रद्धा म्हणतात. रजिस्टरात अक्षर माझं हाय म्हटलं, तर म्हणले दरसालच तुमचं हाय. शिबिराच्या खोल्यांना आता कुलूप हाय. पोरांची बाकडी बाहेर उन्हात पडलेली. आता इथलं कुणी लेकरू तो खडक बघायला जाणार न्हाई, आणि मी काही केलं तरी शिबिर परत सुरू होणार न्हाई.

तुम्हाला तरी पटलं का? तुमच्या तोंडावरून कळत न्हाई मला. पुढं बसलेले साहेब आत्ताच एकमेकांकडं बघून राहिले, मारोतीला लई लागलं म्हणून. लागलंच हाय. पण मी शुद्धीवर हाय.

सर, तवा सांगायचं राहिलं ते आता तुम्हाला सांगतो. यंदाचा आकडा शून्य होता. मी नीट बघितलं होतं.

आता दोन मिनिटं सगळे उभे राहू. माझं ऐकून ज्याला खोटं वाटलं असेल त्यानं खुशाल वाटून घ्यावं, पण सर चुकले होते असं मनात धरून कुणी उभं राहू नका. तसं ज्याला वाटतं, त्यानं बसून राहावं.

उठा.