सत्तर पायऱ्या

मी : बाबा, खरं सांग, घंटेच्या आत आपटणारा लोळा किती जोरात पळतो?

बाबा : टॅम्सिन, आज नको.

मी : आजच हवं. वर्गातल्या ब्रायनीने पैज लावलीय. म्हणाली, शनिवारच्या त्या लग्नानंतर तुझ्या बाबांसमोर चर्चच्या मनोऱ्याचं नुसतं नाव काढून दाखव.

आई : (इस्त्री थांबवून) कार्टे, गप्प बस की जरा!

मी : काढलं, आणि अजून जिवंत आहे. सांग ना. खेळाच्या बाई रोज कोकलतात, “लोळ्यासारख्या पळा!” सगळं गाव असंच म्हणतं. आलं कुठून हे?

बाबा : कुणाला ठाऊक. युद्धातले वैमानिक म्हणायचे म्हणे. कुणी सांगतं, पाणचक्कीत दाणे हलवणारी एक फळी असायची, तिलाही हेच नाव. पाणी वाढलं की वेड्यासारखी खडखडायची. आपला म्हातारा पर्सी मात्र शपथेवर सांगायचा, आपल्याच मनोऱ्यातून निघालं.

मी : पर्सीआजोबा काय, सगळंच आपल्या मनोऱ्यातून काढायचे!

बाबा : हं. चाळीस वर्षं मोठी घंटा ओढली त्याने. वर हेही सांगायचा की लोळा कधी घाई करत नाही. आख्खी घंटा फिरून वर येते, तेव्हा कुठे तो पोचतो. ओढणाऱ्याने घाई केली की सगळ्यांचा ताल गेला.

मी : म्हणजे बाई उगाचच घसा फोडतात.

बाबा : फोडू देत. मी दमलोय, पोरी. पाद्रीबुवांना हे राजीनाम्याचं पत्र आणि मनोऱ्याची किल्ली दिली की सुटलो.

मी : मग घंटा कोण वाजवणार?

बाबा : भोंगा लावतील. रेकॉर्ड मिळते तसली.

आई : सहा दोर आणि ओढणारे राहिले चार. त्यात याचा गुडघा. आणि शनिवारपासून घास नीट उतरत नाही याच्या घशाखाली.

बाबा : कसा उतरेल, ग्वेन? गुरुवारी पर्सीला पुरलं. मयताच्या रीतीप्रमाणे प्रत्येक लोळ्याच्या एका अंगाला चामडं बांधलं. एक टोला मोकळा, दुसरा दबका. शुक्रवारी वर चढून काढायचं होतं. सत्तर पायऱ्या. गुडघा ठणकत होता, म्हटलं सकाळी काढू. आणि सकाळी साफ विसरलो.

आई : पहिल्याच फेरीत कळलं असेल. थांबवलं का नाहीस?

बाबा : नवरी दारात उभी. मध्येच घंटा बंद पडणं त्याहून वाईट. मयताच्या टोल्यांवर त्या पोरीला सासरी धाडलं मी. तिची आई डोळे पुसत होती.

मी : तिची आई रडली, पण नवरी हसत होती! म्हणाली, “पर्सीआजोबांना आमंत्रण द्यायचं राहिलं, तरी आलेच.”

बाबा : खरंच?

मी : ब्रायनीची मावसबहीण आहे ती. विचार जाऊन.

बाबा : मोठ्या मनाची आहे. पण पायऱ्या काही कमी होत नाहीत.

आई : अरे, पत्र इथे आहे. किल्ली कुठे गेली?

मी : माझ्या खिशात.

बाबा : टॅम्सिन! घंटांपाशी गेली होतीस? एकटी?

मी : वर, घंटांच्या खोलीच्या दारापर्यंतच. शाळा सुटल्यावर. दारातूनच डोकावले, आत पाऊल टाकलं नाही, शप्पथ. आता दोघंही ऐका, मी ठरवलंय. मंगळवारपासून तालमीला मी येणार. मोठी घंटा नको, सगळ्यात हलकी दे.

आई : दोर नुसता धरायला शिकण्यातच महिने जातात, बाई.

मी : जाऊ देत. आणि यापुढे चामडं बांधायला, काढायला वर मी चढणार. कसं काढायचं ते उद्या शिकव. बाबा, पायऱ्या अडुसष्ट आहेत. आणि चामडी अजून तशीच आहेत.